मिलवॉल वॉर्ड : सात मतांनी गेलेला, आठ महिन्यांच्या आत परत मिळवलेला

मिलवॉल हा लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलचा एक जुना निवडणूक प्रभाग. आज तो अस्तित्वात नाही. २०१४ च्या प्रभाग रचनेत त्याचे नाव गेले आणि त्याचा भाग दुसऱ्या वॉर्डांत वाटला गेला. पण ब्रिटनमध्ये वर्णद्वेषी राजकारणाचा विषय निघाला, की या छोट्याशा वॉर्डाचे नाव हमखास घेतले जाते. १६ सप्टेंबर १९९३ रोजी इथल्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघडपणे वर्णद्वेषी पक्षाचा उमेदवार फक्त ७ मतांनी निवडून आला. त्या पक्षाचा हा पहिलाच नगरसेवक. पुढे आठ महिन्यांच्या आत त्याच वॉर्डातल्या मतदारांनी ती जागा परत घेतली.

बंगाली मुसलमान कुटुंबांना या निकालाची थेट झळ बसली. म्हणून आपल्याकडे हा इतिहास सांगताना बहुतेक वेळा "गोऱ्यांचा द्वेष" एवढ्यावरच गोष्ट थांबते. पण आकडे नीट पाहिले तर वेगळेच काही दिसते. १९९४ मध्ये त्या पक्षाची मते कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. तरीही तो हरला. असे कसे झाले, तेच या लेखात पाहू.

मिलवॉल कुठे आहे?

लंडनच्या पूर्व भागात थेम्स नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीला 'आयल ऑफ डॉग्ज' म्हणतात. नावात बेट असले तरी ते खरे बेट नाही, द्वीपकल्प आहे. इथले जुने रहिवासी मात्र आपल्या भागाला आजही 'द आयलंड' म्हणजे बेटच म्हणतात. या भूभागाची पश्चिम बाजू म्हणजे मिलवॉल. नदीच्या बांधावर पूर्वी पवनचक्क्या होत्या, त्यावरून हे नाव पडले.

१८०२ मध्ये इथे वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली आणि १८६८ मध्ये मिलवॉल गोदी. इंजिनिअर ब्रुनेल यांचे 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातले सर्वांत मोठे जहाज मिलवॉलच्याच काठावर बांधून १८५८ मध्ये पाण्यात उतरवले गेले. फुटबॉलवाल्यांना मिलवॉल हे नाव क्लबमुळे ठाऊक असेल. तो क्लब १८८५ मध्ये इथल्याच एका कारखान्यातल्या कामगारांनी काढला होता. १९१० मध्ये तो नदीपलीकडे गेला, तो परत आला नाही.

तीन बाजूंनी पाणी, आत-बाहेर करायला मोजके रस्ते आणि पूल. पूल जहाजांसाठी उघडला की माणसे खोळंबायची. त्यामुळे इथल्या लोकांमध्ये "आपण वेगळे, आपल्याकडे कोणी बघत नाही" ही भावना जुनी होती. १ मार्च १९७० रोजी तर रहिवाशांनी रस्ते अडवून चक्क 'स्वातंत्र्य' जाहीर केले. टेड जॉन्स हे स्थानिक पुढारी त्यांचे 'अध्यक्ष' झाले. शाळा, बस, दुकाने अशा साध्या सोयींसाठीचे हे आंदोलन होते. तेव्हा भांडण कौन्सिलशी होते, शेजाऱ्याशी नव्हते. वीस वर्षांनी हीच नाराजी दुसऱ्या दिशेला वळवली गेली, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे.

कोकणातले खलाशी आणि लंडनची गोदी

या भागाशी आपलेही एक जुने नाते आहे. पी अँड ओ आणि इतर ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर मुंबई बंदरातून भरती होणाऱ्या खलाशांमध्ये कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. रत्नागिरी आणि आसपासच्या खाड्यांच्या काठावरच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. कोणी सारंग झाला, कोणी टंडेल. कलकत्त्याहून भरती झालेल्यांमध्ये सिल्हेटचे लोक बरेच होते आणि त्यातले पुष्कळ जण इंजिनरूममध्ये काम करत. इंग्रज या सगळ्यांना मिळून 'लॅस्कर' म्हणायचे. हा शब्द आपल्या 'लष्कर'वरूनच गेलेला.

लंडनच्या गोदीत जहाज लागले आणि परतीचे काम लगेच मिळाले नाही, तर या माणसांचे हाल व्हायचे. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाऊस भागात, वेस्ट इंडिया डॉक रोडवर एक वसतिगृह सुरू झाले. आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या परक्या खलाशांसाठीचे ते घर होते. ही जागा आयल ऑफ डॉग्जच्या अगदी तोंडाशी आहे. म्हणजे "हे लोक काल आले" असे ज्यांच्याबद्दल १९९३ मध्ये बोलले गेले, त्यांच्या आजे-पणजांच्या पिढीचे पाय या मातीला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच लागलेले होते.

कोकणातले बहुतेक खलाशी गावी परतले. सिल्हेटचे काही जण मात्र जहाज सोडून लंडनमध्येच राहिले. त्यांच्या ओळखीने पुढे भाऊ-पुतणे आले. १९७० च्या सुमारास आणि त्यानंतर बायका-मुलेही आली. ही वस्ती मुख्यतः ब्रिक लेन, स्पिटलफिल्ड्स आणि व्हाइटचॅपल या भागांत होती, जिथे शिवणकामाचे कारखाने होते. हा सगळा भाग टॉवर हॅम्लेट्समध्येच येतो.

गोदी बंद झाली, घरे अपुरी पडली

टॉवर हॅम्लेट्स हा लंडनचा एक 'बरो'. आपल्याकडच्या महापालिकेच्या जवळपास जाणारी ही व्यवस्था आहे. १ एप्रिल १९६५ रोजी स्टेपनी, पॉपलर आणि बेथनल ग्रीन हे तीन जुने बरो एकत्र करून तो झाला. कामगारांची वस्ती, त्यामुळे लेबर पक्षाचा हा बालेकिल्ला होता.

मोठी जहाजे आणि कंटेनर आले तशी वरच्या अंगाची गोदी कालबाह्य झाली. १९८० मध्ये वेस्ट इंडिया आणि मिलवॉल गोदी बंद पडल्या. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचे जे झाले, तेच इथे झाले. बापजाद्यांचे काम गेले. १९८१ मध्ये सरकारने विकासासाठी वेगळे महामंडळ नेमले आणि नियोजनाचे बरेचसे अधिकार कौन्सिलच्या हातातून काढून घेतले. गोदीच्या जागी कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले. त्यातल्या नोकऱ्या बँकेतल्या होत्या, आणि नदीकाठची नवी घरे श्रीमंतांसाठी होती. गोदी कामगाराच्या मुलाला यातले फारसे काहीच मिळाले नाही.

त्याच काळात कौन्सिलची स्वस्त भाड्याची घरे कमी होत चालली होती. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले कौन्सिलचे घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. घरे विकली गेली, पण तेवढी नवी बांधली गेली नाहीत. प्रतीक्षा यादी वाढत गेली.

आता घर कोणाला आधी द्यायचे? १९७७ च्या बेघरांविषयीच्या कायद्याने मुले असलेल्या बेघर कुटुंबाची सोय करणे कौन्सिलवर बंधनकारक केले होते. बंगाली कुटुंबे मोठी, खोल्या लहान, एकेका खोलीत सहा-सात माणसे. गरजेच्या हिशोबाने त्यांचा नंबर वर यायचा. जुन्या रहिवाशांचे म्हणणे असे, की आमची मुले इथेच जन्मली, त्यांना लग्नानंतर इथे घर का नाही? या मागणीवर 'सन्स अँड डॉटर्स', म्हणजे स्थानिकांच्या मुला-मुलींना प्राधान्य देणारी योजना आणली गेली. ऐकायला ती साधी वाटते. पण ज्यांचे आई-बाप आधीपासून तिथे राहत होते ते बहुतांश गोरे होते. म्हणजे योजनेत जातीचे किंवा रंगाचे नाव कुठेही नसताना फायदा मात्र एकाच बाजूला जात होता.

बंगाली कुटुंबांना खरोखरच झुकते माप मिळत होते का? कागदपत्रे उलटेच सांगतात. वंश समानता आयोगाने टॉवर हॅम्लेट्सच्या घरवाटपाची चौकशी केली आणि १९८८ च्या अहवालात बंगाली कुटुंबांवर अन्याय झाल्याचे नोंदवले. १९८७ मध्ये तर कौन्सिलने काही बंगाली कुटुंबांना "तुम्ही बांगलादेशातले घर सोडून आलात, म्हणजे मुद्दाम बेघर झालात" असे ठरवले होते. तरीही वस्तीत अफवा एकच होती, की सगळी घरे त्यांनाच मिळतात. खरी टंचाई आणि खोटी अफवा एकत्र आली की काय होते, ते पुढे दिसले.

मारहाण आणि भीती

हिंसा आधीपासून होतीच. ४ मे १९७८ रोजी, लंडनच्या स्थानिक निवडणुकांच्या मतदानाच्याच दिवशी, अल्ताब अली या कापड कारखान्यातल्या तरुण बंगाली कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये संध्याकाळी घरी परतताना खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागे पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. ज्या बागेशेजारी त्याच्यावर हल्ला झाला, तिला १९९८ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

त्या मोर्चानंतर बंगाली तरुणांची एक पिढी संघटनेत आणि मग राजकारणात उतरली. १९८२ मध्ये स्पिटलफिल्ड्स वॉर्डातून एक बंगाली उमेदवार अपक्ष म्हणून लढला आणि निवडून आला. पण आयल ऑफ डॉग्जवर परिस्थिती वेगळी होती. तिथे बंगाली कुटुंबे थोडी होती, विखुरलेली होती आणि नव्याने राहायला आलेली होती. ज्यांच्या दाराखालून घाण टाकली जाते, ज्यांची मुले शाळेतून येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो, अशी माणसे मतदान केंद्रावर जायला कचरतात. कित्येकांची नावे यादीतही नसतात.

वॉर्ड आणि मतदानाची पद्धत

त्या वेळी टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलमध्ये ५० नगरसेवक होते. मिलवॉल वॉर्डात आयल ऑफ डॉग्जचा बहुतांश भाग येत असे आणि इथून ३ नगरसेवक निवडले जात. सर्वसाधारण निवडणूक दर चार वर्षांनी. तेव्हा प्रत्येक मतदाराला तीन मते देता येत, आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तिघे निवडून येत. आपल्याकडेही बहुसदस्यीय प्रभाग असतात, पण त्यात अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र लढत होते. तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात.

मधेच एखादी जागा रिकामी झाली तर फक्त त्या जागेसाठी पोटनिवडणूक होते. तेव्हा मत एकच, आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. निम्मी मते मिळवायची गरज नाही. तीन-चार उमेदवारांत मते विभागली की एकतृतीयांश मतांवरही जागा जिंकता येते.

आणखी एक गोष्ट. १९८६ मध्ये लिबरल पक्षाने लेबरकडून कौन्सिल जिंकले, तेही अगदी थोडक्यात. त्यांनी बरोचे सात 'नेबरहूड' केले आणि घरवाटपासह बरेच अधिकार त्यांच्याकडे दिले. आयल ऑफ डॉग्ज हा त्यांपैकी एक. म्हणजे या छोट्या भागातल्या नगरसेवकाच्या हातात खरोखरची ताकद आली होती. वॉर्ड लहान असला तरी जागा किरकोळ नव्हती.

१९९३ ची पोटनिवडणूक

इशारा एक वर्ष आधीच मिळाला होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये मिलवॉलमध्येच एक पोटनिवडणूक झाली. त्यात ब्रिटिश नॅशनल पार्टीला साधारण २० टक्के मते पडली, म्हणजे दर पाचांतले एक. जागा लेबरने राखली, म्हणून बाकीच्यांनी हा आकडा फारसा मनावर घेतला नाही. त्या पक्षाने मात्र घेतला. त्यांचे कार्यकर्ते वर्षभर दारोदार फिरले. घराचा प्रश्न, लिफ्ट बंद, तक्रार कोणी ऐकत नाही, हे सगळे ते ऐकून घ्यायचे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकच द्यायचे : हे त्यांच्यामुळे. 'गोऱ्यांना हक्क' ही त्यांची घोषणा होती.

१९९३ मध्ये लेबरच्या एका नगरसेवकाने राजीनामा दिला आणि पुन्हा पोटनिवडणूक लागली. मतदानाला आठ दिवस असताना, ८ सप्टेंबरला, कमर्शियल रोडवर सतरा वर्षांच्या एका बंगाली मुलाला गोऱ्या टोळक्याने इतके मारले की तो मरता मरता वाचला. वातावरण असे तापलेले असताना १६ सप्टेंबरला मतदान झाले. निकाल असा लागला :

ब्रिटिश नॅशनल पार्टी, डेरेक बीकन : १,४८०
लेबर, जेम्स हंट : १,४७३
लिबरल डेमोक्रॅट : १,२८४
कन्झर्व्हेटिव्ह : १३४

बीकन यांना ३३.९ टक्के मते मिळाली. म्हणजे मत देणाऱ्या दर तिघांतल्या दोघांनी त्यांना नाकारले होते, तरी ते नगरसेवक झाले. शिवाय वॉर्डातल्या अर्ध्याहून जास्त मतदारांनी मतदानच केले नव्हते.

फरक ७ मतांचा. लेबरला आणखी ८ मते मिळाली असती तर निकाल उलटला असता. आठ मते म्हणजे काय? एका जिन्यावरची दोन घरे.

या निकालाला मोठ्या पक्षांचाही हातभार लागला होता. स्थानिक लिबरल कार्यकर्त्यांच्या पत्रकांबद्दल गंभीर तक्रारी आल्या. पक्षाने ज्येष्ठ वकील अँथनी लेस्टर यांच्याकडे चौकशी सोपवली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या अहवालात या पत्रकांवर कडक ताशेरे होते. वर्णद्वेषी भावनेला खतपाणी घालून मते मिळवायला गेले, की ती मते शेवटी त्या मालाच्या मूळ दुकानदाराकडेच जातात. मिलवॉलमध्ये तेच झाले.

निकालानंतरचे आठ महिने

देशभर गदारोळ झाला. पण गदारोळ लंडनच्या वर्तमानपत्रांत होता, आणि राहायचे बेटावर होते. तिथल्या बंगाली आणि इतर कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी त्या महिन्यांत दुकानात जाणे, बसथांब्यावर उभे राहणे हेसुद्धा जड झाले. बीकन कौन्सिलमध्ये एकटे होते, त्यांच्या हातून कसलेच मोठे काम झाले नाही. तरी "आता आपलाच माणूस निवडून आलाय" असा उन्माद रस्त्यावर होता.

पुढची सर्वसाधारण निवडणूक ५ मे १९९४ रोजी होती. हातात आठ महिनेही नव्हते. या काळात दोन प्रकारची कामे झाली. एक म्हणजे मोर्चे आणि सभा. त्यांचे महत्त्व होतेच, घाबरलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळले. दुसरे काम बिनआवाजाचे होते. स्थानिक चर्चची माणसे, लेबरचे कार्यकर्ते, बंगाली रहिवासी आणि भाडेकरूंच्या संघटना घरोघर गेल्या. ज्यांची नावे मतदार यादीत नव्हती त्यांची नावे घातली. मतदानाच्या दिवशी एकटीने बाहेर पडायला घाबरणाऱ्या बायकांना सोबत मिळावी, हे पाहिले गेले. ज्या गोऱ्या कुटुंबांनी सप्टेंबरमध्ये मतच दिले नव्हते, त्यांच्याही दारावर पुन्हा जाणे झाले.

निकाल लागला तेव्हा मिलवॉलच्या तिन्ही जागा लेबरकडे गेल्या आणि बीकन हरले. पूर्ण कौन्सिलमध्येही लेबरने ५० पैकी ४३ जागा जिंकून सत्ता परत घेतली.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट पाहा. १९९३ मध्ये बीकन यांना १,४८० मते होती. १९९४ मध्ये त्यांना २,०४१ मते मिळाली. म्हणजे ५६१ ने जास्त. आठ महिन्यांत कोणाचे मन फारसे बदलले नव्हते. बदलले ते एवढेच, की आधी अर्ध्याहून कमी लोक मतदानाला गेले होते आणि या वेळी सुमारे दोनतृतीयांश गेले. घरी बसलेली माणसे बाहेर पडली आणि २,०४१ हा आकडा अपुरा ठरला.

इथे एक प्रामाणिक मुद्दा सांगायला हवा. मते वाढली याचा अर्थ त्या माणसांचा राग तसाच होता. घरांची टंचाई खरी होती आणि ती एका निवडणुकीने संपली नाही. मतपेटीने द्वेषाला सत्तेबाहेर ठेवले. टंचाईवर काम करणे हे त्यानंतरच्या कौन्सिलचे काम होते.

वॉर्डाचा शेवट

२००२ च्या निवडणुकीपासून टॉवर हॅम्लेट्समध्ये १७ वॉर्ड आणि ५१ नगरसेवक झाले. आयल ऑफ डॉग्ज तेव्हा मिलवॉल आणि 'ब्लॅकवॉल अँड क्युबिट टाउन' या दोन वॉर्डांत विभागले गेले. कॅनरी व्हार्फमुळे वस्तीही बदलत होती. गोदी कामगारांच्या जुन्या भागात आता बँकांत काम करणारे तरुण राहायला आले. लेबरचा हा जुना वॉर्ड कन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे झुकला. आणि २०१० मध्ये मिलवॉलने जे तीन नगरसेवक निवडून दिले, त्यांत एक बंगाली मुसलमान होते, तेही कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. सतरा वर्षांपूर्वी ज्या वॉर्डात "गोऱ्यांना हक्क" ही घोषणा जिंकली होती, तोच हा वॉर्ड.

२०१४ मध्ये पुन्हा रचना बदलली. २० वॉर्ड आणि ४५ नगरसेवक ठरले. मिलवॉल हे नाव यादीतून गेले. त्या भागाची विभागणी प्रामुख्याने 'कॅनरी व्हार्फ' आणि 'आयलंड गार्डन्स' या दोन-दोन नगरसेवकांच्या नव्या वॉर्डांत झाली. २०२१ च्या जनगणनेत टॉवर हॅम्लेट्सची लोकसंख्या ३ लाख १० हजारांवर होती आणि त्यातले सुमारे ४० टक्के लोक मुसलमान होते.

आपल्यासाठी यात काय आहे?

सात मतांचा फरक म्हणजे परदेशातला अपवाद नव्हे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. एक कुटुंब त्या दिवशी लग्नाला गावी गेले नसते, तर चिठ्ठी टाकावी लागली नसती.

मिलवॉलचे काम निवडणुकीच्या दिवशी झाले नाही, ते आधीच्या महिन्यांत यादीवर झाले. आपल्याकडची पद्धत माहीत असणे म्हणूनच गरजेचे आहे. महापालिका आणि नगरपालिकांसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडली जाते. त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर नगरसेवकाच्या निवडणुकीतही मत नाही. नाव नव्याने घालायला नमुना ६, पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना ८, आणि मयत किंवा कायमचे निघून गेलेल्यांचे नाव वगळायला नमुना ७. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. यादी पाहायची वेळ तीच. बूथवर जाऊन भांडण्यात अर्थ नसतो.

आपल्या घरांत तीन ठिकाणी नावे हमखास राहतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतच असते. नुकती अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले कॉलेजच्या गडबडीत अर्ज करत नाहीत. आणि भाड्याने राहणारे घर बदलतात, पण पत्ता बदलत नाहीत. शिवाय उर्दूतले नाव मराठीत उतरवताना चूक होते : आधारवर एक, यादीत दुसरेच. एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची नावे यादीत शोधून पाहायला अर्धा तास पुरतो.

ज्यांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी एक गोष्ट त्यांना जरूर सांगावी. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूसही तिथे नाव नोंदवून मत देऊ शकतो, ब्रिटिश नागरिकत्व घ्यायची वाट पाहावी लागत नाही. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.

दुसरा धडा अफवेचा. मिलवॉलमध्ये "सगळी घरे त्यांनाच मिळतात" या एका वाक्यावर निवडणूक फिरली. त्याला उत्तर आकड्यांनीच देता आले असते, पण ते वेळेत दारापर्यंत पोहोचले नाहीत. आपल्या प्रभागात घरे, पाणी, शाळेतले प्रवेश यांबद्दल असे वाक्य कानावर आले, तर ते कोणाबद्दलही असो, माहितीच्या अधिकारात आकडे मागवावेत आणि सगळ्यांसमोर ठेवावेत. शेजाऱ्याच्या दारावर निवडणूक नसतानाही जाणे-येणे असले, तर असे आकडे ऐकून घेतले जातात.

मिलवॉल वॉर्ड आता कागदावर नाही. मागे राहिलेत ते त्याचे आकडे : १,४८० आणि १,४७३, मग २,०४१ आणि तरीही हार. नागरिकशास्त्राच्या तासाला "एका मताने काय होते?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर हे तीन आकडे फळ्यावर लिहून त्यालाच बेरीज-वजाबाकी करायला सांगावी.